डब्लिनहून निघालं तर तिकीट खरंच स्वस्त पडतं का?

प्रश्न : ताई, आम्ही वेम्ब्लीत राहतो. डिसेंबरात सासूबाईंची पंच्याहत्तरी आहे आणि साताऱ्याला घरीच मोठा कार्यक्रम ठरला आहे. आम्ही दोघं आणि मुलं, थोरला चौदा वर्षांचा, धाकटी नऊ वर्षांची. चौघांच्या मुंबईच्या तिकिटांचे आकडे बघून छाती दडपते. ऑफिसातला माझा एक सहकारी मूळचा डब्लिनचा आहे. तो म्हणतो, लंडनहून तिकीट काढूच नका, डब्लिन ते मुंबई काढा. विमान लंडनवरूनच जातं आणि बरंच स्वस्त पडतं. तो स्वतः सिंगापूरला बिझनेस वर्गाने असाच जातो. हे खरं आहे का? लांबून निघणाऱ्याला कमी पैसे कसे पडतात? आम्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय आहेत, मुलांचे ब्रिटिश.

उत्तर : तुमचा सहकारी खरं सांगतोय. पण त्याचं गणित तुमच्या घराला लागू पडत नाही. का, ते सविस्तर सांगते. डिसेंबर जवळ आला की हाच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो.

दादरच्या ट्रॅव्हल एजन्सीत मी तिकिटं काढायला बसले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात साहेबांनी शिकवलं होतं की भाडं अंतरावर ठरत नाही, प्रवास कुठून सुरू होतो त्यावर ठरतं. लंडनहून मुंबईला थेट विमान आहे. आठ-नऊ तासांत घरी पोहोचवणाऱ्या त्या थेट विमानासाठी लंडनकर जास्त पैसे मोजायला तयार असतो, आणि कंपनीला ते पक्कं ठाऊक असतं. डब्लिनच्या माणसाला कुठेतरी विमान बदलावंच लागतं. लंडनवरून जा, दुबईवरून जा, अबू धाबीवरून जा, त्याला सगळं सारखंच. त्याला आपल्याकडे ओढायचं तर लंडनवरून नेणाऱ्या कंपनीला भाव उतरवावा लागतो. स्टेशनच्या दारात उभी असलेली रिक्षा जे मागते, ते पुढच्या चौकातली मागत नाही, तसंच हे.

दुसरं कारण कर. ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रवाशावर एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर आहे. नोव्हेंबर १९९४मध्ये तो सुरू झाला, तेव्हा युरोपसाठी ५ पौंड आणि त्यापलीकडे १० पौंड होता. आता तो लंडनपासून त्या देशाच्या राजधानीपर्यंतच्या अंतरावर ठरतो. दिल्ली २,००० मैलांच्या पलीकडे आणि ५,५०० मैलांच्या आत येते, म्हणून भारत मधल्या पट्ट्यात. १ एप्रिल २०२६पासून या पट्ट्यात इकॉनॉमीला १०२ पौंड आणि त्यावरच्या वर्गांना २४४ पौंड कर आहे. प्रीमियम इकॉनॉमीवाले इथे फसतात. जागा चार बोटं जास्त मिळते, पण कर बिझनेस वर्गाइतकाच, पूर्ण २४४. सिंगापूर शेवटच्या पट्ट्यात येतं, तिथे वरच्या वर्गांना २५३.

आयर्लंडने आपला असा कर १ एप्रिल २०१४पासून शून्यावर आणला. आणि डब्लिन–लंडन–मुंबई असं एकच तिकीट असेल, तर लंडनमध्ये तुम्ही फक्त विमान बदलणारे प्रवासी ठरता आणि ब्रिटनचाही कर लागत नाही. तुमच्या सहकाऱ्याचे २५३ पौंड इथेच वाचतात, शिवाय बिझनेस वर्गाच्या मूळ भाड्यातला फरक कराहूनही मोठा असू शकतो. त्यात त्याच्याकडे आयरिश पासपोर्ट आहे आणि डब्लिनला त्याचं घर आहे. आदल्या दिवशी जाऊन आईच्या हातचं जेवून तो सकाळी निघतो. त्याच्यासाठी ही फेरी म्हणजे खर्चच नाही.

आता तुमचं घर घेऊ. इकॉनॉमीत सोळा वर्षांखालच्या मुलांना हा कर मुळातच नाही. म्हणजे चौघांच्या तिकिटांत कर दोघांचाच, २०४ पौंड. डब्लिनला जाण्यासाठी लंडनहून वेगळं तिकीट काढाल, तर त्यावर तुम्हा दोघांना जवळच्या पट्ट्याचे माणशी १५ पौंड लागतीलच. उरले १७४. त्यातून चौघांची डब्लिनची तिकिटं, प्रत्येकाच्या मोठ्या बॅगांचे वेगळे पैसे आणि विमानतळाजवळ एका रात्रीचं हॉटेल बसवायचं आहे. मूळ भाड्यात काही फरक पडेल म्हणावं, तर नाताळात डब्लिनचं भाडंही चढलेलं असतं. आयर्लंडमध्ये आपली माणसं थोडी नाहीत, आणि त्यांनाही त्याच आठवड्यात घरी जायचं असतं.

यापेक्षा मोठी अडचण व्हिसाची. ब्रिटनमध्ये राहायचा आणि काम करायचा परवाना असला, तरी भारतीय पासपोर्टवर आयर्लंडमध्ये शिरायला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. विमानात बसताना कुणी अडवलं नाही, म्हणून लोकांचा गैरसमज होतो की दोन्ही देश एकच आहेत. भारतातून भेटीला येणाऱ्यांच्या काही अल्प मुदतीच्या व्हिसांवर दोन्ही देश चालतात, पण ती सोय पाहुण्यांसाठी आहे, इथे राहणाऱ्या तुमच्यासारख्यांसाठी नाही. एका प्रवेशाच्या व्हिसाचे ६० युरो, एकाहून जास्त प्रवेशांचे १००. अर्ज, कागदपत्रं आणि वाट पाहणं निराळंच. अॅमस्टरडॅम किंवा ऑस्लोहून निघायचं म्हटलंत तर शेंगेनचा व्हिसा. मुलं सुटतील, तुम्ही दोघं अडकाल.

हे सगळं वाचून कुणाच्याही मनात येईल की तिकीट डब्लिनचं काढू आणि बसू लंडनहून. कृपा करून हे करू नका. तिकिटातले टप्पे क्रमानेच वापरावे लागतात. पहिल्या टप्प्याला तुम्ही हजर नसाल, तर कंपनी तुम्हाला नो-शो धरते आणि पुढचं सगळं तिकीट, परतीसकट, रद्द होतं. हीथ्रोच्या काउंटरवर कितीही समजावून सांगितलंत तरी समोरच्या मुलीच्या हातात काही नसतं.

रेडिंगच्या एका काकांची गोष्ट सांगते. दोघं नवरा-बायको, तिकीट डब्लिनहून, आणि डब्लिनला जायचं वेगळं तिकीट त्याच दिवशीच्या सकाळचं. मी म्हटलं होतं, आदल्या दिवशी जा. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचवायचे म्हणून त्यांनी ऐकलं नाही. सकाळी धुकं पडलं आणि पहिलं विमान तीन तास उशिरा सुटलं. दोन तिकिटं वेगळी, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या लेखी काका आलेच नाहीत. पहिल्या कंपनीने डब्लिनला नेऊन सोडलं, तिची जबाबदारी तिथे संपली. काकूंच्या भाचीचं लग्न परवावर आलेलं. शेवटी दोघांची नवी तिकिटं त्याच दिवसाच्या भावाने काढली. काकू काउंटरपाशी बॅगेवर बसून रडत होत्या, असं काकांनी मला फोनवर सांगितलं, तेव्हा माझाही जीव कासावीस झाला. एका तिकिटावर दोन विमानं असती, तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीला भाग होतं. म्हणून ज्यांना हा मार्ग खरोखर परवडतो, त्यांनाही मी आदल्या दिवशी पोहोचण्याची अट घालते. हॉटेलचे पैसे तिकिटातच धरून हिशेब करायचा आणि तरीही वाचत असेल तर जायचं.

परतीचंही बघा. मुंबईहून लंडनवरून डब्लिन असं तिकीट असेल, तर मुंबईत टाकलेल्या बॅगा डब्लिनलाच जाऊन उतरतात. लंडनला उतरून घरी जाऊ म्हणाल, तर मेतकूट, कंदी पेढे आणि सासूबाईंनी दिलेली साडी आयर्लंडमध्ये. नुसत्या हातातल्या सामानावर फिरणारी माणसं शेवटचा टप्पा सोडतात हे मला माहीत आहे. कंपन्यांच्या अटींत ते बसत नाही आणि मी ते कुणाला सुचवत नाही. साताऱ्याहून चौघं परत येताना हातातल्या सामानावर येतील, यावर तर माझा मुळीच विश्वास नाही.

तेव्हा तुम्ही लंडनहूनच काढा, चौघांचं एकाच पीएनआरवर. आखाती देशांतून एक थांबा घेणारी तिकिटंही बघा. कर तेवढाच लागेल, पण मूळ भाडं उतरतं, आणि मुलं आता थांबा झेपण्याइतकी मोठी आहेत. शाळेच्या सुट्टीचा पहिला शनिवार टाळता आला तर टाळा. आणि मुलांची ओसीआय कार्डं, म्हणजे परदेशी पासपोर्टवरच्या भारतीय वंशाच्या माणसांना व्हिसाविना भारतात येऊ देणारी कार्डं, आजच कपाटातून काढून बघा. त्यांचे पासपोर्ट नवे झाले असतील, तर ओसीआयमध्ये नव्या पासपोर्टची नोंद करायची राहिलेली असते आणि ते ऐन वेळी लक्षात येतं.

प्रश्न : नमस्कार. मी अॅबर्डीनला तेल कंपनीत नोकरी करतो. आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी येणार आहेत. आईच्या गुडघ्यांमुळे दोघांना प्रीमियम इकॉनॉमीने आणायचं ठरवलं आहे. तिकीट भारतातून सुरू होतं, म्हणजे ब्रिटनचा कर लागणार नाही ना?

उत्तर : लागतो. हा कर माणूस कुठला आहे किंवा तिकीट कुठे काढलं हे बघत नाही. ब्रिटनमधून जो उडतो त्याच्यावर तो बसतो. त्यामुळे आई-बाबांच्या परतीच्या टप्प्यावर तो आहेच, आणि प्रीमियम इकॉनॉमी असल्याने माणशी २४४. तिकिटाच्या एकूण रकमेत दडलेला असतो म्हणून दिसत नाही.

पण तुम्ही राहता तिथून एक रस्ता आहे, आणि तो सांगताना मला मनापासून आनंद होतो आहे. स्कॉटलंडच्या हायलँड्स आणि बेटांवरच्या विमानतळांवरून निघणाऱ्यांना हा कर माफ आहे. अॅबर्डीन त्यात येत नाही, इन्व्हर्नेस येतं. इन्व्हर्नेसहून हीथ्रोला विमान आहे. इन्व्हर्नेस–लंडन–मुंबई हे एकाच तिकिटावर असेल आणि लंडनला मुक्काम न करता फक्त विमान बदलायचं असेल, तर ती माफी पुढच्या लांबच्या टप्प्यालाही लागू होते.

म्हणून तिकीट असं मागा : जाताना मुंबई–लंडन–अॅबर्डीन, येताना इन्व्हर्नेस–लंडन–मुंबई. आमच्या भाषेत याला ओपन जॉ म्हणतात. बहुतेक वेबसाइटवर अनेक शहरांचा पर्याय निवडला की निघतं, आणि भाडं बहुधा साध्या परतीच्या तिकिटासारखंच धरलं जातं. शेवटच्या पानावर करांचा तपशील उघडून बघा. एअर पॅसेंजर ड्यूटीची ओळ तिथे दिसता कामा नये. दिसली तर पैसे भरू नका, तारीख किंवा मधली वेळ बदलून पुन्हा बघा. हीथ्रोला चोवीस तासांहून मोठा थांबा पडत असेल, तर माफी हातची जाऊ शकते.

फेब्रुवारी २०२३मध्ये इन्व्हर्नेस विमानतळाचं स्वतःचं रेल्वे स्टेशन सुरू झालं, आणि ते तुमच्याच अॅबर्डीन–इन्व्हर्नेस मार्गावर आहे. साधारण दोन तासांचा प्रवास, गाडी बदलायची नाही. इथे व्हिसाचाही प्रश्न नाही, कारण सगळं देशातल्या देशात. दोघांचे मिळून ४८८ पौंड वाचतात. आई-बाबांना तुम्ही स्वतः सोडायला जा. जमलं तर दोन दिवस आधीच निघा आणि लॉक नेस दाखवून आणा. लंडनला व्हीलचेअर हवी असल्याचं तिकीट काढतानाच नोंदवा. तिथे एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायचं झालं, तर अंतर गुडघ्यांना झेपणारं नाही. त्यामुळे दोन विमानांमध्ये तीन तास तरी ठेवा. त्यासाठी भाडं थोडं वाढलं तरी हरकत नाही.

प्रश्न : ताई, आम्ही पणजीचे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बिझनेस वर्गाने लंडनला जायचं आहे. कोलंबोहून निघालं तर स्वस्त पडतं असं ऐकलं. आम्हाला जमेल का?

उत्तर : तुम्हाला जमण्यासारखं आहे. कोलंबोहून बिझनेस वर्गाची भाडी मुंबईपेक्षा कमी असतात असं बऱ्याचदा दिसतं. त्यात आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५पासून इकॉनॉमीच्या वरच्या वर्गांवर जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, आणि तो भारतातून सुरू होणाऱ्या प्रवासावर लागतो. इकॉनॉमीला ५ टक्केच आहे, म्हणून इकॉनॉमीसाठी मी कुणाला एवढी यातायात करायला सांगणार नाही.

पैसे बहुधा परकीय चलनात जातील. तुमची बँक त्यावर किती आकार लावते ते आधी विचारा आणि तो भाड्यात धरा. श्रीलंकेचं ईटीए, म्हणजे प्रवेशाची परवानगी, ऑनलाइन काढून ठेवा, ब्रिटनचा व्हिसा तर हवाच. वर सांगितलेला नियम तुम्हालाही आहे : कोलंबोला दोन दिवस आधी पोहोचा आणि पहिला टप्पा चुकवू नका. परतीला तिकीट कोलंबोलाच संपेल, तिथून गोव्याला यायचं वेगळं तिकीट परतीच्या दुसऱ्या दिवसाचं घ्या. आणि लंडनहून निघताना प्रत्येकी २४४ पौंड लागणारच आहेत, तेही हिशेबात असू द्या. हे सगळं मिळवून दोघांचे लाखभर रुपये तरी वाचत असतील तर जरूर कोलंबोहून जा, आणि ते दोन दिवस गॉलच्या किल्ल्यात घालवा. त्याहून कमी वाचत असतील तर मुंबईहूनच निघा.