होडीवर घ्यायला परवडणारा जीपीएस कुठला?

प्रश्न : दादा नमस्कार, मी मालवणचा. घरची छोटी फायबर होडी आहे, आउटबोर्ड इंजिनवाली, सुट्टीला आम्ही दोघे भाऊ गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला जातो. मागच्या मोसमात एकदा पहाटे धुकं इतकं आलं की किल्लाच दिसेना, शेवटी नांगर टाकून तासभर बसलो. आता हातातला जीपीएस घ्यायचाय, बजेट फार तर 15 हजार. मोबाईल असताना वेगळा घ्यावा का? आणि मामेभाऊ दुबईहून येतोय, त्यालाच आणायला सांगू का?

उत्तर : नांगर टाकून थांबलात हे फार बरं केलंत, अंदाजानं आत घुसायचा मोह त्यावेळी कुणालाही होतो.

मोबाईलचा जीपीएस रेंज नसताना पण चालतो, फक्त नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवायचा, त्यामुळे तो जवळ असूच द्या. पण माशाच्या चिकट ओल्या हाताला टचस्क्रीन दाद देत नाही, दुपारच्या उन्हात काही दिसत नाही आणि बॅटरी संपली की बसा. हँडहेल्डला, म्हणजे हातातल्या जीपीएसला, बटणं असतात आणि बरेचसे पेन्सिल सेलवर चालतात, दोन सेल जास्तीचे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले की झालं. म्हणून वेगळा घ्याच.

गार्मिनच्या ईट्रेक्समधलं साधं मॉडेल बघा. ईट्रेक्स 10 चा स्क्रीन काळा-पांढरा आहे म्हणून नाक मुरडू नका, तो उन्हात छान वाचता येतो आणि कंपनी दोन सेलवर 25 तास सांगते. रंगीत नकाशे तुम्हाला लागत नाहीत. हा 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं टिकतो, पण तरंगत नाही, हातातून सुटला की गेलाच! त्याच कंपनीचा जीपीएसमॅप 79 तरंगतो पण तो तुमच्या बजेटात बसणार नाही, तेव्हा नायलॉनची दोरी बांधा आणि तिला जाळ्याचा एक बोया अडकवा. अजून एक, ईट्रेक्स 10 मध्ये कंपास सेन्सर नसतो, होडी थांबली की बाण भरकटतो, त्याला यंत्र बिघडलं समजू नका, होडी जरा चालवली की सरळ होतो. साधं होकायंत्र मात्र सोबत हवंच.

आता मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हे, की यंत्र तुम्हाला सरळ रेषेत बंदराकडे नेतं, मधे खडप, म्हणजे पाण्यातला खडक, आहे का ते त्याला माहीत नसतं. आणि मालवणात किल्ल्याच्या आजूबाजूला खडपं किती आहेत ते तुम्हाला मी काय सांगणार. म्हणून स्वच्छ उजेडात, ओहोटीला, जाणत्या तांडेलाला (होडी हाकणाऱ्या नाखव्याला) सोबत घेऊन हळूहळू बाहेर पडा आणि प्रत्येक वळणावर थांबून पॉइंट सेव्ह करा, एक बंदराचा, एक वळणाचा, एक खडप संपल्यावरचा. धुक्यात एकेक पॉइंट पकडत आत यायचं. ओहोटीला यासाठी म्हणतोय की भरतीला ज्या वाटेनं आरामात बाहेर गेलात त्याच वाटेवर परतताना खडपाला इंजिनाचा पंखा लागू शकतो.

अक्षांश-रेखांशाचे आकडे टाकताना सेटिंग बघा, अंश-मिनिटं आहेत की नुसते दशांशातले अंश. कुणी सांगितलं 16 अंश 3.5 मिनिटं, आणि तुम्ही टाकलं 16.035, तर तुम्ही 1.4 सागरी मैल, म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त दक्षिणेला गेलात. 3.5 ला 60 नं भागायचं, मग येतं 16.0583. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे मासळीचे अंदाज पण अक्षांश-रेखांशातच येतात, तिथे पण हीच चूक होते. आणि कोस्ट गार्डचा 1554 नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा, अडचणीत आपली जागा आकड्यांत सांगता आली तर शोधणाऱ्यांचं काम सोपं होतं.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सेल काढून ठेवा, खाऱ्या हवेत आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात.

दुबईचं. नुसता सिग्नल घेणारा जीपीएस इथे दुकानात उघड मिळतो, त्याला हरकत नाही. पण इनरीच लिहिलेलं काही आणू देऊ नका, ते सॅटेलाइटवरून मेसेज पाठवतं आणि आपल्याकडे त्याला सरकारी परवानगी लागते, गोव्याच्या विमानतळावर यावरून लोकांना पकडलंय. भावाला खोक्याचा फोटो आधी पाठवायला सांगा.