सहसंयुज बंध शिकताना आधी ठिपके काढ
सहसंयुज बंध म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेणं. अष्टकाचा नियम (बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन पूर्ण करण्याकडे अणूंचा कल असतो) नुसता पाठ करून थांबू नकोस. कागद घे आणि पाण्याचा रेणू ठिपक्यांनी काढ, एक ठिपका म्हणजे बाह्यतम कवचातला एक इलेक्ट्रॉन. ऑक्सिजनच्या बाह्यतम कवचात ६ इलेक्ट्रॉन. त्यातले दोन इलेक्ट्रॉन हायड्रोजनांबरोबरच्या भागीदारीत जातात, उरलेल्या चारांच्या दोन जोड्या ऑक्सिजनपाशीच राहतात. बहुतेक जण या जोड्या काढायलाच विसरतात, आणि पुढचं सगळं तिथेच अडतं. ऑक्सिजनपाशी राहिलेल्या या जोड्या बंधांतल्या जोड्यांना रेटतात, म्हणून दोन बंधांमधला कोन १०९.५ ऐवजी १०४.५ अंशांचा होतो. शिवाय ऑक्सिजन सामायिक जोडी स्वतःकडे ओढतो. रेणू वाकलेला, म्हणून पाणी ध्रुवीय, म्हणजे एका बाजूला किंचित ऋण, दुसऱ्या बाजूला किंचित धन. कार्बन डायऑक्साइड मात्र सरळ रेषेत, दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना रद्द करते, त्यामुळे अध्रुवीय. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती आठ नाही, सहाच इलेक्ट्रॉन आले तर खोडू नकोस, ते बरोबर आहे, तो अष्टकाच्या नियमाला अपवाद आहे. विद्युतऋणता, म्हणजे सामायिक जोडी स्वतःकडे ओढण्याची अणूची क्षमता, यानंतर लगेच वाच.