मुदत ठेव मोडून लिलावातली गिटार घ्यावी का?

प्रश्न: मी नाशिकला इंदिरानगरात राहतो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. एका परदेशी ऑनलाइन लिलावात गिब्सन कंपनीची 1996 सालची ‘लेस पॉल’ या प्रकारची इलेक्ट्रिक गिटार 1,40,000 रुपयांना मिळते आहे. मुलीच्या पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी ठेवलेली 2 लाखांची मुदत ठेव मोडून ती घ्यावी, काही वर्षे वाजवावी आणि मग चढ्या भावाने विकावी, असा विचार आहे. लिलावाबाहेर थेट व्यवहार केल्यास विक्रेता 10,000 रुपये कमी करायला तयार आहे. गिटारीवरचा अनुक्रमांक व छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

उत्तर: ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुदतीपूर्वी ठेव मोडली की जितका काळ ती राहिली त्या काळाचा दर बँक लावते आणि त्यातूनही साधारण अर्धा ते एक टक्का वजा करते. पण हे नुकसान फार तर काही हजारांचे आहे. खरी काळजी मुद्दलाची आहे, कारण पुढे चढा भाव येण्याची सारी भिस्त गिटार अस्सल असण्यावर आहे, आणि ते तर आपल्याला इथे बसून पाहताही येत नाही.

जे पाहता येते तेही अनुकूल नाही. 1977 पासून गिब्सनच्या बहुतेक नेहमीच्या गिटारींवर आठ अंकी क्रमांक येऊ लागला. त्यातला पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष होते, तर मधले तीन अंक वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. आपल्या क्रमांकाचे पहिले पाच अंक 90452 आहेत, म्हणजे ही गिटार 1992 च्या 45व्या दिवशी, 14 फेब्रुवारीला, तयार झालेली असायला हवी. विक्रेता मात्र 1996 सांगतो. क्रमांक जुळला असता तरी निश्चिंत होता आले नसते, कारण नकला करणारे खऱ्या गिटारीवरचा क्रमांकही उचलतात. दुसरी खूण हेडस्टॉकवरच्या, म्हणजे मानेच्या टोकावरच्या, घंटेच्या आकाराच्या झाकणाची: गिब्सनच्या या झाकणाला दोन स्क्रू असतात, आपल्या छायाचित्रात तीन दिसतात. झाकण काढून छायाचित्र मागावे. आत सहसा पितळी षटकोनी नट असतो, नकलेत बहुधा ॲलन चावीचे (षटकोनी सळईसारख्या चावीचे) भोक सापडते. विक्रेत्याने टाळाटाळ केली, तर तेच उत्तर समजावे.

आता खर्च. 1,40,000 ही केवळ बोली झाली. सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) आकारताना वस्तूच्या किमतीत वाहतूक व विमाही धरला जातो, शिवाय परकीय चलनातल्या व्यवहारावर कार्डाचे शुल्क लागते. त्यातून यंत्रसामग्रीखेरीज इतर जुना माल आयात करण्यावर विदेश व्यापार धोरणात निर्बंध आहेत आणि त्यासाठी परवाना लागतो, ही बाब लिलावाच्या पानावर कोणी लिहीत नाही.

पुढे विकण्याबद्दलही सावध राहावे. गिटार बनावट आहे हे कळूनही ती गिब्सन म्हणून विकणे हा व्यापारचिन्ह अधिनियम 1999 च्या कलम 104 खाली गुन्हा असून शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैदेची आहे. म्हणजे फसल्यावर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याची वाटही बंद.

लेस पॉलच हवी असेल, तर गिब्सनच्याच मालकीच्या एपिफोन या नावाची नवी गिटार अधिकृत विक्रेत्याकडून याहून बऱ्याच कमी रकमेत, पावती आणि हमीसह मिळते. ती भाव वाढेल म्हणून नव्हे, वाजवायला म्हणून घ्यावी, आणि तीही ठेवीतून नव्हे, वर्षभर पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांतून. जुनीच हवी असल्यास पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन, जाणकार दुरुस्तीकाराकडून गिटारीच्या पाठीवरचे झाकण उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

10,000 रुपयांच्या सवलतीला मात्र आजच नकार कळवावा. लिलावाबाहेर पैसे गेले की त्या संकेतस्थळाचे खरेदीदार संरक्षण संपते, आणि विक्रेत्याला बहुधा तेच हवे आहे. काही रक्कम आधीच पाठवली असेल, तर आपल्या बँकेला ताबडतोब कळवून 1930 या सायबर मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता कमी.