अनारसा हसला, पुरण सैल झालं

महालक्ष्म्यांपासून दिवाळीपर्यंतच्या स्वयंपाकावर विदर्भातून आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी चार पत्रांत दोष पाण्याचाच निघाला. पाचव्यात तो विस्तवाचा आहे.

प्रश्न : महालक्ष्मीच्या जेवणाला आमच्याकडे 40 पानं असतात. पुरण दरवर्षी सैल होतं, पोळी लाटताना फुटते, तव्यावर पुरण जळतं. डाळ कितीही शिजवा, कण राहतातच. गूळ जास्त होतो का? (दर्यापूर तालुका)

उत्तर : गुळाचं नंतर पाहू, आधी पाणी. तुमचा तालुका खारपाणपट्ट्यातला. तिथल्या खाऱ्या, जड पाण्यात हरभऱ्याची डाळ गळता गळत नाही. डाळ भिजवायला आणि शिजवायला तेवढं नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. ते नसेलच तर किलोभर डाळीला पाव चमचा खायचा सोडा घाला. त्याहून जास्त घातला तर पुरण काळपट होतं आणि चव साबणासारखी लागते.

आता माप. मोठ्या माणसांना दोन आणि लेकराबाळांना एक धरली तर 40 पानांना 60 पोळ्या पुरतात. आपल्याकडची पोळी पुरणाने गच्च भरलेली, म्हणजे एका पोळीत साधारण 100 ग्रॅम पुरण. त्यासाठी डाळ अडीच किलो, गूळ सव्वादोन किलो आणि कणिक दीड किलो लागते. अर्धा गूळ अर्धी साखर घेत असाल तर वजन तेच ठेवा, मात्र साखरेचं पुरण थोडं जास्त आटवावं लागतं. वाढायच्या तुपाचा हिशोब यात नाही. वाटीत पोळी बुडवून खाणारी मंडळी असतील तर दोन किलोच्या खाली जाऊ नका.

डाळ दोन तास भिजवून तिप्पट पाण्यात शिजवा. दाणा बोटांत चिमटला की त्याचं पीठ व्हायला हवं. तोपर्यंत गुळाला हात लावू नका, कारण गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही, जेवढी कच्ची असेल तेवढीच राहते. तुमच्या कणांचं दुसरं कारण बहुधा हेच. शिजलेली डाळ चाळणीवर घालून 20 मिनिटं विसरून जा. खाली उतरलेलं येळवणी आमटीला येतं. बहुतेकींचं पुरण याच 20 मिनिटांत बिघडतं. पाहुणे येणार म्हणून डाळ ओलीच गंजात (पातेल्यात) जाते, त्यात गुळाचं पाणी सुटतं आणि मग तासभर ढवळूनही ते आटत नाही.

जाड बुडाच्या गंजात मध्यम आचेवर आटवा. सराटा (उलथणं) मधोमध उभा राहिला आणि बुडाशी ओढल्यावर मागे कोरडी वाट राहिली की उतरवा. अगदी गोळा होईपर्यंत थांबू नका, पुरण निवताना आणखी घट्ट होतं. जायफळ-वेलची उतरवल्यावर घाला आणि पुरणयंत्रातून गरम असतानाच काढा.

कणिक मात्र घट्ट नको. चाळून, मीठ घालून, तेलाच्या हाताने मळून कानाच्या पाळीइतकी मऊ करा आणि तासभर झाकून ठेवा. कणिक आणि पुरण दोन्ही सारखे मऊ असले की ते लाटण्याखाली बरोबर सरकतात. कणिक कडक आणि पुरण सैल असेल तर पुरण कडेला पळतं आणि पोळी तिथेच फुटते.

सैल झालेलं पुरण फेकू नका. परातीत पसरून पंख्याखाली ठेवा, नाहीतर पुन्हा आटवा. पंगत बसलीच असेल तर तुपात खमंग भाजलेलं बेसन, किलोला दोन मोठे चमचे, मिसळा. कच्चं बेसन घातलेलं पहिल्या घासाला कळतं.

प्रश्न : नैवेद्याच्या आंबिलीत गुठळ्या होतात, कधी ताक फाटतं. (कारंजा)

उत्तर : पीठ गरम पाण्यात पडतं म्हणून गुठळ्या. एक वाटी ज्वारीचं पीठ दोन वाट्या ताकात रात्रीच कालवून ठेवा. सकाळी चार वाट्या पाणी उकळा, त्यात मीठ, आलं आणि खोबऱ्याचे काप घाला आणि आच कमी करून कालवण बारीक धारेने सोडा. दुसऱ्या हाताने ढवळणं चालूच हवं. पीठ शिजून ताकाला धरून ठेवतं, म्हणून नुसतं ताक आधी तापवायचं नाही.

प्रश्न : सांबारवडी तळताना पुडा उघडतो. नाही उघडला तरी वडी तासाभरात नरम पडते. (हिंगणघाट)

उत्तर : सांबार ओला राहिला आहे. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी : आपला सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीशी त्याचा संबंध नाही.) धुतलेली जुडी झटकून भागत नाही. आदल्या रात्री निवडून, धुऊन सुती कापडावर पसरा, सकाळी चिरा. धुण्याआधी चिरला तर रस पाण्यात जातो आणि पान लगदा होतं.

चिरलेला सांबार चार वाट्या दाबून घेतला तर त्याला भाजलेलं किसलेलं सुकं खोबरं पाऊण वाटी, भाजलेले तीळ आणि खसखस दोन-दोन चमचे, तिखट, हळद, धणे-जिरे पूड आणि थोडी साखर. तेलात हिंग-मोहरीची फोडणी करून मसाला परता, आच बंद करा आणि मगच सांबार घाला. तो शिजवायचा नाही, फक्त कोमट होऊ द्यायचा. मीठ भरायच्या वेळी घाला, कारण मीठ लागलं की सांबार पाणी सोडतो आणि तळताना त्या पाण्याची वाफ पुडा फोडते.

वरच्या पारीला बेसन दोन वाट्या, कणिक एक वाटी, ओवा, मीठ आणि तीन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. घट्ट भिजवा. लांबट पुरी लाटून आतून चिंच-गूळ-गोडा मसाल्याचा दाट कोळ बोटाने पुसल्यासारखा लावा. तो पातळ असला तर पारी आतूनच ओली होते. मधोमध सारण ठेवून दोन्ही बाजू एकमेकींवर आणा, टोकं दुमडा, कडांना पाण्याचं बोट लावून दाबा आणि जोड खाली ठेवून पहिल्यांदा तेलात सोडा. आच मध्यमहून कमी, एका घाण्याला सहा-सात मिनिटं. भरभर तळलेली वडी वरून लाल होते, आतली पारी कच्ची राहते आणि तीच नंतर नरम पडते.

सोबत कढी हवीच.

प्रश्न : अनारसे तुपात हसतात, म्हणजे विरघळून पसरतात. मागच्या वर्षी गूळ कमी केला तर दगड झाले. (ब्रह्मपुरी)

उत्तर : प्रमाण ठरवण्याआधी तांदूळ कोणता ते पाहा. धानाच्या पट्ट्यात दिवाळीला घरात नवा तांदूळ येऊन पडलेला असतो आणि तोच भिजत घातला जातो. नवा तांदूळ चिकट, त्याचा अनारसा पसरतो. जुना, जाडा तांदूळ घ्या. तुमच्याजवळच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेला एचएमटी वाणाचा तांदूळ ताटातल्या भाताला उत्तम, अनारशाला तो खर्च करू नका.

तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. चौथ्या दिवशी निथळून सावलीत कापडावर तास-दीड तास पसरा. मुठीत दाबला तर हाताला दमटपणा लागावा पण पाणी दिसू नये, तेव्हाच दळा किंवा कुटा आणि बारीक चाळणीने चाळा. हे दमट पीठ किलोभर भरलं तर किसलेला गूळ 750 ग्रॅम, तूप दोन चमचे. मळून गोळे करून डब्यात किमान पाच दिवस ठेवा.

मग एकच अनारसा तळून पाहा, सगळ्या पिठाचा निकाल त्यात कळतो. खसखशीची बाजू वर, तूप मध्यम तापलेलं, उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं. विरघळून पसरला तर गूळ किंवा ओल जास्त आहे. त्याच भिजवलेल्या तांदळाचं मूठभर कोरडं पीठ राखून ठेवलेलं असेल तर ते मिसळा आणि एक दिवस थांबा. जाळी न पडता कडक झाला तर पीठ कोरडं आहे, त्याला चमचाभर दही किंवा कुस्करलेलं पिकलं केळं पुरतं. तूप थंड असलं तरी अनारसा हसतो, म्हणून पिठाला दोष देण्याआधी आच तपासा. तळून झालेले चाळणीत उभे लावा, आडवे ठेवले तर तूप आतच मुरतं.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत वावरात रोडग्यांचा (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायच्या गव्हाच्या गोळ्यांचा) बेत असतो. रोडगे वरून कोळसा, आतून कच्चे. (दिग्रस)

उत्तर : ज्वाळेवर ठेवता म्हणून. गोवऱ्या खडखडीत वाळलेल्या घ्या, पेटवून धूर पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे पाऊण तास तरी, हात लावू नका. मग काठीने आर (निखारे) पसरवून सपाट करा. रोडगे आधी वर ठेवून फिरवत फिरवत चहूबाजूंनी साल धरू द्या आणि मग त्याच गरम राखेत गाडा. अर्ध्या तासाने एक काढून फोडा. आत पीठ चिकट दिसलं तर बाकीचे आणखी दहा मिनिटं राहू द्या.

गहू रवाळ दळून आणा. गिरणीवाल्याला आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने पोळीचं पीठ करून देतो आणि त्याचा रोडगा आत गोंदासारखा बसतो. किलोला 100 मिली तेलाचं मोहन, ओवा, मीठ, घट्ट मळणी. एकसंध गोळा न करता लहान पोळीवर तेल लावून दुसरी, तिसरी अशी गुंडाळत न्या. पदर सुटे राहिले की आच आत पोचते. किलोत दहा-बारा रोडगे होतात, माणशी दोन धरा. फडक्याने राख झटकून, हाताने फोडून, वर तूप. वांग्याची भाजी आर तयार व्हायच्या आधीच चुलीवर चढलेली असावी, कारण निवलेला रोडगा दातांना जड जातो.