स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंग (गाडीची उंची कमी करणारी आखूड स्प्रिंग) लावल्यापासून गाडी डावीकडे खेचते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्ये येत नाही आणि पुलाच्या जॉइंटवर व वेगात भरकटते. शॉकअप कंपनीचेच आहेत. दोनदा अलायनमेंट केलं तरी फरक नाही. काय तपासू? (नागपूर)

भाऊ, तिसऱ्यांदा अलायनमेंटला पैसे घालू नका. म्हणजे आत्ताच नको, ते शेवटी.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन तक्रारी आहेत. सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे खेचते. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्ये येत नाही. आणि वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर जॉइंट आला की नाक बाजूला सरकतं, समृद्धीवर शंभरच्या पुढे गेलं की हात घट्ट धरावे लागतात. या तिघींचं मूळ एकच असेल असं धरून चालू नका. मी याच धंद्यात आहे. लोअर केलेल्या गाड्या तक्रार घेऊन येतात तेव्हा बहुतेक वेळा दोष स्प्रिंगमध्ये नसतो, ती बसवली कशी त्यात असतो.

पहिलं काम फुकटचं. सपाट जागी, सामान काढून गाडी उभी करा आणि टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत चारही कोपरे मोजा. डावं-उजवं पाच मिलिमीटरने इकडेतिकडे असेल तर सोडून द्या. सेंटीमीटरच्या वर फरक असेल तर स्प्रिंगचं टोक खालच्या ताटलीतल्या खाचेत नीट बसलेलं नाही, किंवा बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबरी तुकडे) पिळलेत.

हे बुश प्रकरण फार कमी मिस्त्री मनावर घेतात. लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशमधलं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला पक्कं चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली होतो तेव्हा ते रबर घसरत नाही, पीळ खातं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले की गाडी खाली आल्यावर तो पीळ कायमचा आत राहतो. मिस्त्रीने ते बोल्ट उघडलेच नसतील तरीही सुटका नाही, कारण बुश कंपनीच्या उंचीला आवळलेले आहेत आणि तुमची गाडी आता त्याच्या खाली बसते. परिणाम काय, तर गाडी विनाकारण कडक लागते, एखादा कोपरा वर राहतो आणि बुश लवकर फाटतात. इलाज सोपा आहे. गाडीचं वजन चाकांवर असू द्या (खड्डा किंवा चार खांबांचा रॅम्प लागेल), बोल्ट सैल करा, गाडी चार वेळा दाबून सोडा, आणि मग टॉर्क पान्याने कंपनीच्या मापात आवळा. मागच्या बीमच्या बुशलाही हेच लागू. पार्ट एकही लागत नाही.

आता स्टिअरिंग परत न येण्याचं. बॉनेट उघडा, एकाला स्टिअरिंग हळूहळू पूर्ण डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि तुम्ही चाकाच्या वरून हात घालून स्प्रिंगवर बोटं ठेवा, वेढ्यांच्या मध्ये नको. स्प्रिंग चाकाबरोबर सरळ फिरली पाहिजे. ती अडून राहून मग 'टंग' आवाज करत एकदम सुटत असेल, तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र खांबाच्या) वरचं बेअरिंग गेलंय किंवा उलटं-तिरपं बसलंय. स्प्रिंग बदलताना हे बेअरिंग आणि माउंट उघडावंच लागतं, आणि धूळ खाल्लेलं जुनं बेअरिंग तसंच परत घालायची आपल्याकडे पद्धत आहे. ते बदलून टाका, जोडीने.

डावीकडे खेचण्यासाठी आधी पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा, एकाच दिशेने फिरणारे नसतील तर. खेच उजवीकडे गेली तर दोष टायरचा, सस्पेन्शनला उगाच शिव्या नको. तशीच राहिली तर अलायनमेंटचा जुना कागद काढा आणि त्यात कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा माथा आत-बाहेर किती झुकलाय तो कोन, बघा. तिथे लाल आकडा असणार आणि ऑपरेटर म्हणाला असणार, "साहेब, यात कॅम्बर ॲडजस्ट होत नाही." अर्धंच खरं आहे ते. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या भोकांत थोडा खेळ असतो. आवळताना एका बाजूला चाक आत ढकललं गेलं आणि दुसऱ्या बाजूला बाहेर, की दोन्हीकडचा कॅम्बर वेगळा. अर्ध्या अंशाच्या वर फरक पडला की गाडी खेचायला लागते, आणि खेचते ती ज्या चाकाचा माथा जास्त बाहेर झुकलेला आहे त्या बाजूला. बोल्ट सैल करून दोन्ही चाकांचे माथे सारखेच, म्हणजे दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर, ढकलून आवळा. तेवढ्याने भागलं नाही तर वरच्या बोल्टच्या जागी एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट (फिरवून कॅम्बर बदलता येणारा) मिळतो. खेच तपासायला रस्ता मात्र सपाट निवडा, कडेला उतार असला की चांगली गाडीही डावीकडे जाते.

जॉइंटवर सरकण्याचं कारण वेगळं, आणि जरा वाईट. गाडी खाली आली की लोअर आर्म आणि टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाक वळवणारा दांडा) दोघांचा कोन बदलतो. ते समांतर राहिले नाहीत तर चाक वर उचललं जाताना आपसूक थोडं वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. अलायनमेंट मशीनवर टो चा (वरून पाहताना चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर वळलीत त्याचा) आकडा चालू ठेवा, दोन माणसांना पुढून गाडी दाबायला सांगा आणि आकडा किती पळतो ते बघा. फार पळत असेल तर गाडी जास्तच खाली गेली आहे. माझं मत विचाराल तर आपल्या सिमेंट रस्त्यांवर रोजची गाडी मूळ उंचीपेक्षा 25-30 मिलिमीटरहून जास्त खाली नेऊच नये. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्विफ्टच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये) आर्म आडवा झाला की रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली जातो, म्हणजे दिसायला गाडी चिकटून बसते आणि वळणावर कलायची ओढ उलट वाढते.

शॉकअप कंपनीचेच ठेवलेत असं तुम्ही लिहिलंय. कडक स्प्रिंगला ते आवरत नाहीत. जॉइंटनंतर गाडी दोन-तीनदा डोलते का बघा. शिवाय शॉकअपच्या दांड्यावरचा बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारा रबर) न कापता बसवला असेल तर गाडी जवळजवळ त्यावरच टेकून चालते आणि छोट्या खड्ड्यातही धाडकन लागते. स्प्रिंगसोबतच्या कागदात किती कापायचा ते दिलेलं असतं, अंदाजाने कापू नका. लहान स्प्रिंगसाठी बनवलेले शॉकअप घेणं हाच खरा मार्ग, स्वस्त नाही.

हे सगळं झालं की अलायनमेंट. हवा सकाळी थंड टायरमध्ये भरून जा. दर 5-6 अंशांना साधारण 1 पीएसआय फरक पडतो, आणि मे महिन्यात दुपारी पंचेचाळीसच्या उन्हात तापलेल्या टायरमध्ये भरलेली हवा सकाळी कमी निघते. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागा, मागच्या चाकांचे आकडेही. टो बाहेरच्या बाजूला असेल तर गाडी भरकटते आणि टायर आतून खाल्ला जातो. हेडलाइटचा झोतही तपासून घ्या, गाडीची उंची बदलली की तोही हलतो.

जाता जाता एक: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि अपघातानंतर विमावाले हे आवर्जून शोधतात. जुन्या स्प्रिंग भंगारात दिल्या नसतील तर घरी ठेवा. बुश आणि बेअरिंग नीट करूनही पुलावर नाक सरकतच असेल, तर त्याच परत लावा.