सायकल डुलते? कधी डुलते ते आधी सांगा

यावेळी सायकल "हलते", "ओढते", "थरथरते" अशी पत्रं एवढी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. एक विनंती आधीच करतो, लिहिताना नुसतं "हँडल हलतं" लिहू नका. हळू चालवताना हलतं का जोरात, ब्रेक मारल्यावर का ओझं लादल्यावर, हात सोडल्यावर का सर्व्हिसिंग करून आणल्यापासून, हे लिहा. निम्मं निदान त्यातच असतं, आणि दुकानात गेल्यावरही हेच सांगायचं, नाहीतर समोरचा माणूस हाताला येईल तो नट आवळून देतो आणि आपण पैसे देऊन घरी येतो.

प्रश्न : दादा, माझी हायब्रिड सायकल आहे, डिस्क ब्रेकवाली. उंची सहा फूट, वजन ९० च्या आसपास. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना स्पीड ४५ च्या पुढे गेला की हँडल एकदम थडथडायला लागतं, मी घट्ट धरलं की अजून वाढतं. दुकानात हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं तो छर्ऱ्यांचा सांधा) बदलून दिला, तरी तेच. सपाटीवर काही म्हणजे काही होत नाही. – एक वाचक, सातारा

आधी जिवाचं बघू, मग सायकलचं. परत असं झालं तर हँडल आवळू नका, हात सैल ठेवा पण सोडू नका, बूड सीटवरून किंचित उचलून वजन पायडलवर घ्या आणि एक गुडघा, जमलं तर दोन्ही, फ्रेमच्या वरच्या नळीला दाबून धरा. ब्रेक हळूहळू, मुख्यतः मागचा. पुढचा ब्रेक कचकन मारायचा नाही. गुडघा टेकवल्यावर बऱ्याचदा दोन-चार सेकंदात थरथर मरते, पहिल्यांदा केलं की विश्वास बसत नाही.

ह्याला इंग्रजीत शिमी म्हणतात. मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक जोरात ढकललं की कसं फडफडतं, तसाच प्रकार, फक्त इथे फडफडीत फ्रेमपण सामील असते. पुढचं चाक आणि चिमटा (पुढचं चाक दोन्हीकडून धरणारा फोर्क) डावीउजवीकडे हलतात, फ्रेमची नळी किंचित पिळली जाते आणि परत येते, आणि सीटवर बसलेलं आपलं वजन त्या पिळाला मागून टेकू देतं. सेकंदाला साधारण चार ते दहा हेलकावे. म्हणून तर सीटवरून उठलं, गुडघा लावला की ते थांबतं. उंच माणूस, मोठी फ्रेम, लांब नळ्या, म्हणजे पिळायला जास्त वाव, त्यात पुढे हँडलबॅग लटकवली असेल तर विचारूच नका (लटकवली आहे का? लिहिलं नाहीत). थंडीत पहाटे उतरताना अंगात कापरं भरलं असेल तर ते हातातून हँडलमध्ये जातं आणि तेवढं निमित्तपण पुरतं.

म्हणजे सायकलमध्ये दोष असेलच असं नाही, अगदी नव्या, नीट जुळवलेल्या सायकलीलाही होतं. पण ढिला भाग असेल तर ते कमी स्पीडला सुरू होतं आणि लवकर वाढतं, म्हणून घाटात परत जायच्या आधी एवढं घरी बघाच.

पुढचा ब्रेक दाबून ठेवा आणि सायकल पुढेमागे हलवा, दुसऱ्या हाताचं बोट हेडसेटच्या खालच्या सांध्यावर, जिथे चिमटा फ्रेमला मिळतो तिथे. बोटाला तिथे सरकल्यासारखं लागलं तर हेडसेट ढिला. डिस्क ब्रेकमध्ये पॅडच कॅलिपरात, म्हणजे पॅड धरणाऱ्या डबीत, थोडे खुळखुळतात आणि हाताला अगदी हेडसेट ढिला असल्यासारखंच वाटतं, म्हणून बोट ठेवल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. तुमच्याकडे बहुतेक ह्याच खुळखुळीवर नवीन हेडसेट बसला असावा असा मला दाट संशय आहे.

मग चाक. रिम वरच्या बाजूला धरून आडवी हलवा, टकटक लागली तर हबचे (चाकाच्या मधल्या गाभ्याचे) कोन, म्हणजे छर्ऱ्यांवर दाबून बसणारे नट, ढिले. इथे एक बारीक गोष्ट, क्विक रिलीज (लिव्हरने चाक आवळायचं-सोडायचं) असलेल्या कप-कोनच्या हबमध्ये लिव्हर आवळला की एक्सल किंचित दाबला जातो, म्हणून सुट्या चाकात अगदी जराशी टकटक असली तरी चालते, लिव्हर बंद केल्यावर ती जायला पाहिजे. तपासणी चाक बसवून, लिव्हर बंद करूनच करायची. मागचं चाकपण असंच बघा, लोक पुढचंच बघतात. मग चाक फिरवून बघा, आऊट आहे का, म्हणजे रिम डावीउजवीकडे झुलते का, आणि स्पोक दोन-दोन करून बोटांनी दाबा, एखादी जोडी पिचपिचीत लागली तर चाक आवळून घ्यायला झालंय. टायरच्या कडेला रिमला लागून एक बारीक रेघ असते ती सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, कुठे आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, हवा काढून परत बसवा.

हे सगळं ठीक निघालं तर अजून पार्ट बदलू नका. हँडलबॅग काढून सामान मागे खाली न्या, उतरताना गुडघा आधीपासूनच नळीला लावून ठेवा, आणि ४० च्या आत उतरा. पसरणीत माकडं आणि एसट्या बघता ४० तसेही भरपूर आहेत.

प्रश्न : दादा, मी रोज ऑफिसला सायकलने जाते. गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंग करून आणली तेव्हापासून हळू चालवताना सरळ जातच नाही, नागमोडी जाते, दारू प्यायल्यासारखी. जोरात ठीक वाटते. आधी असं नव्हतं. – एक वाचिका, नाशिक

ताई, हेडसेट जास्त आवळलाय, ९९ टक्के. सगळे ढिल्याला घाबरतात, पण घट्ट हेडसेट हळू चालवताना जास्त छळतो. आपण तोल सांभाळतो तो अंगाने कमी आणि हँडलच्या बारीक बारीक हालचालींनी जास्त, त्या आपल्याला कळतपण नाहीत, आणि हळू असताना तर त्या सतत चालू असतात. हँडल अडकायला लागलं की बारीक हालचाल होत नाही, आपण थोडं जोर लावतो, मग ते एकदम जास्त वळतं, मग उलट बाजूला, की झाली नागमोडी.

वरच्या नळीला धरून पुढचं चाक उचला आणि सायकल जराशी एका बाजूला कलती करा. हँडल आपोआप त्या बाजूला पडलं पाहिजे. तसंच राहिलं किंवा अर्ध्यात थांबलं तर घट्ट आहे (केबल फार आखूड कापली असेल तर तीपण ओढते, ते बघा). मग हँडल हळूहळू डावीउजवीकडे फिरवा, बरोबर मधे, म्हणजे सरळ चालताना जिथे असतं तिथे, खाचेत बसल्यासारखं लागलं तर आतले कप, म्हणजे छर्ऱ्यांच्या वाट्या, खराब झालेत. रस्त्याचे दणके कायम त्याच जागी बसतात ना, छर्रे तिथेच खड्डे पाडतात. तसं असेल तर नुसतं ढिलं करून भागणार नाही.

खाच नसेल तर दोन मिनिटांचं काम आहे. जुन्या पद्धतीचा, मोठ्या नटांचा हेडसेट असेल तर वरचा लॉकनट सैल करा, त्याच्या लगेच खालचा आट्यांचा कप अगदी किंचित, एक अष्टमांश फेराच, उलटा फिरवा आणि तो पान्याने धरून ठेवून लॉकनट आवळा. नवीन पद्धतीचा असेल तर आधी स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट सैल, मग वरच्या टोपीचा बोल्ट जरासा सैल, हँडल सरळ बघून घ्या, परत बाजूचे बोल्ट घट्ट. बाजूचे बोल्ट न सोडता वरचाच पिळत बसणारे मेकॅनिक मी बघितलेत. त्या टोपीचं काम फक्त दाब बसवायचं, धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट.

प्रश्न : हात सोडले की सायकल डावीकडे जाते. मित्र म्हणतो चाकाच्या जायरोस्कोपमुळे सायकल सरळ राहते म्हणजे माझं चाकच खराब आहे. खरं का? – कॉलेजचा विद्यार्थी, कोल्हापूर

मित्राचं अर्धवट आहे. १९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं जादा चाक लावून जायरोस्कोपचा, म्हणजे फिरत्या चाकाचा आपली दिशा न सोडण्याचा, जोर मारून बघितला, तरी त्याला ती सायकल चालवता आली. पुढे २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या लोकांनी तर जायरोस्कोपचाही नाही आणि चाक आपोआप सरळ ओढून घेणाऱ्या चिमट्याच्या ठेवणीचाही आधार नाही अशी सायकल बनवून ती स्वारावाचून सरळ पळवून दाखवली. तेव्हा जायरोस्कोप सोडून दे आणि पाना घे.

पुढचं चाक चिमट्याच्या बरोबर मधे आहे का बघ. नसेल तर काढ, उलटं करून, म्हणजे डावी बाजू उजवीकडे, परत बसव (डिस्क ब्रेक असेल तर फक्त बघण्यापुरतं, चालवायचं नाही). आता रिम दुसऱ्या बाजूला सरकली तर चाक एका अंगाला ओढलंय, स्पोक जुळवून मधे येईल. रिम त्याच बाजूला राहिली तर चिमटा वाकडा. मला ही चाचणी फार आवडते, एक पैसा लागत नाही आणि वाद मिटतो.

दोन्ही नीट असतील तर दोरी घे. पुढच्या उभ्या नळीपासून निघून मागच्या एक्सलच्या टोकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत पुढे आण, ताणून बांध. सीटखालच्या नळीपासून दोरी दोन्हीकडे किती अंतरावर आहे ते मोज. २-३ मिलिमीटरचा फरक सोडून दे, जास्त असेल तर फ्रेम वाकडी. स्टीलची असेल तर जाणकाराकडून सरळ करून मिळते, ॲल्युमिनियमची सरळ करून घेऊ नकोस, तडकते. आणि हात सोडायचे प्रयोग रंकाळ्यावर पहाटे कर, गंगावेशीत नको.

प्रश्न : जुनी काळी सायकल आहे, दूध घालतो. हल्ली शेपूट हलल्यासारखी मागून डुलते, जाताना कमी, येताना जास्त. – एक वाचक, सांगली

काका, येताना जास्त हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. येताना किटल्या अर्ध्या असतात, दूध हिंदकळतं, आणि दोन्हीकडे सारखं उरत नाही. जमलं तर आधी एक किटली पूर्ण रिकामी करण्यापेक्षा दोन्हीतून घाला, आणि झाकण लागतं तशा लहान किटल्या वापरा. त्याशिवाय कॅरियरचे चारही नट हाताने हलवून बघा, मागच्या चाकाला आडवा झटका द्या, आणि हवा भरा. मागे हवा कमी असली की ओझ्याखाली टायर कडेला लोळतो आणि अगदी एक्सल ढिला झाल्यासारखं वाटतं. किटल्या एक्सलच्या मागे जितक्या जातील तितकं वाईट, पुढे आणि खाली बांधा.

प्रश्न : मुलासाठी सायकल ऑनलाइन मागवली, घरी जोडली. हँडल एका बाजूला कोसळतं आणि वळताना पाय चाकाला लागतो. परत करू का? – एक आई, ठाणे

थांबा ताई, चिमटा उलटा बसलाय. चिमट्याचा बाक पुढच्या बाजूला असायला पाहिजे आणि पुढचा ब्रेक चिमट्याच्या पुढे. बॉक्समध्ये तो फिरवून ठेवलेला असतो आणि लोक फक्त हँडल सरळ करतात. हँडलचा बोल्ट सैल करून चिमटा अर्धा फेरा फिरवा, ब्रेकची वायर पिळली गेली नाही ना बघा, मग आवळा. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघा, सरकलं तर अजून आवळायचंय. आणि पायडलपण तपासा, डाव्याचे आटे उलटे असतात, त्यावर एल आणि आर कोरलेलं असतं, जबरदस्तीने बसवलं असेल तर क्रँकचे आटे जातात आणि तेव्हा मात्र खरंच परत करायची वेळ येते.