एका घरात चार न्याहाऱ्या

प्रश्न: मावशी, आम्ही मालवणजवळच्या गावात राहतो. सासऱ्यांना सकाळी सातला उकड्या तांदळांची पेज लागते. नवरा पंधरा वर्षं मुंबईत काढून आलाय, त्याला चपाती-भाजी. नऊ वर्षांची मुलगी नूडल्सशिवाय तोंड उघडत नाही, खोबऱ्याचा कीस दिसला की ताट सरकवते. साडेआठला मी कामावर निघते. कोणी नाराज नाही, पण मी पार दमलेय.
– एक सून

उत्तर: अगो बाय, पेजेवर राग काढू नकोस. सगळ्यांत कमी राबवणारी तीच. तांदूळ रात्री भिजत घाल, सकाळी मंद आचेवर चढव आणि दुसऱ्या कामाला लाग. सोबत लोणचं नाहीतर भाजलेला सुका बांगडा. वाढून घेणं सासऱ्यांना जमतं. "माका पेजच व्हयी" म्हणणाऱ्याला पळी कुठे असते तेही ठाऊक असतं.

सकाळ खातात त्या चपात्या. मळा, लाटा, भाजा, वर भाजी चिरा. मुंबईहून परतलेल्याच्या जिभेवर डब्याची चव बसलेली असते; आमचे हे दोन वर्षं घावनाला 'पांढरा डोसा' म्हणायचे. भांडू नकोस. चपाती-भाजी रविवारी, आणि कणीक त्याने मळायची. एरवी सगळ्यांना घावनं किंवा आंबोळ्या.

घावनाचं पीठ आंबवायलाही लागत नाही. तांदळाचं पीठ, मीठ, आणि ताकाएवढं पातळ होईल इतकं पाणी. दर वेळी ओतण्याआधी ढवळ, पीठ तळाशी बसतं. बिडाचा तवा चांगला तापू दे, नाहीतर जाळी पडत नाही. आंबोळीला तीन वाट्या तांदळांना एक वाटी उडीद, थोड्या मेथ्या. मे महिन्यात हे पीठ पहाटेपर्यंत आंबटढाण होतं, तेव्हा रात्री उशिरा वाट.

मग वेगळेपणा उरतो तो फक्त सोबतीचा. नवऱ्याला रात्रीचं काळ्या वाटाण्यांचं सांबारं. मुलीला नारळाच्या दुधात गूळ-वेलची घातलेला रस. मला वाटतं, तिचं वैर खोबऱ्याच्या चवीशी नसून दाताखाली येणाऱ्या किसाशी आहे. गाळलेला रस समोर ठेवून बघ. नाही घेतला तर गप्प बस. नवी चव अंगवळणी पडायला मुलांसमोर ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा यावी लागते, आणि मध्येच "माझ्यासाठी एक घास" सुरू केलंस की ती आणखी हटून बसेल. नूडल्स शनिवारी संध्याकाळी करून दे, बोलणी न ऐकवता.

आणि पहिलं घावन तव्याला चिकटतं, ते आपण बायका ओट्याशी उभ्यानेच संपवतो. ते कोंबड्यांना टाक. तू चौथं घे, बसून, रसात बुडवून. साडेआठला अजून वेळ असेल.